एका रुळावर दोन गाड्या

मागच्या शनिवारी लेख टाकला नाही म्हणून दोन-तीन मित्रांनी झापलं. गावाकडे गेलो होतो हो. पण आजचा लेख त्याच प्रवासात सुचला, तेव्हा उधारी व्याजासकट फेडतोय. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

झालं असं, की पुण्याहून निघालेली आमची गाडी बार्शीच्या पुढे एका लहानशा स्टेशनात उभी राहिली ती राहिलीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं.. ना फेरीवाला, ना चहावाला. बाहेर नुसतं सोयाबीनचं रान. समोरच्या बाकावरचे काका म्हणाले, "क्रॉसिंग हाय," आणि शांतपणे भाकरीचं गाठोडं सोडायला लागले. थोड्या वेळाने समोरून एक मालगाडी धडधडत आली, बाजूच्या रुळावरून गेली, आणि मग आमची गाडी हलली.

इतकी वर्षं या मार्गाने येतोय, दर वेळी या थांब्याला शिव्या घातल्यात. या वेळी पहिल्यांदा वाटलं, की अरे, आपण ऑफिसात रोज जे करतो (आणि एकदा जे फार वाईट चुकलो) ते हेच आहे. रूळ एक, गाड्या दोन. थांबायचं कोणी, आणि ते ठरवायचं कोणी?

*

आधी थोडं आमच्या रुळाबद्दल. धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना 'बार्शी लाईट' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने काढलेली ही अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढाच तिचा पल्ला होता. पुढे ती पंढरपूरला गेली, आणि दुसऱ्या बाजूला येडशी, ढोकी करत १९११ साली लातूरला पोचली. १९२७ साली मिरजेपर्यंत. मजा म्हणजे बार्शी तेव्हा इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि येडशी-ढोकी-लातूर हा सगळा मुलूख निजामाचा. तेव्हा ही गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची. कॅलथ्रॉपची हुशारी अशी, की कुठल्याही डब्याच्या किंवा इंजिनाच्या एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असं त्याने ठरवून टाकलं. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ टाकून भागलं. कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी यांच्यावर ती कंपनी १९५४ पर्यंत चालली. मग सरकारने ती ताब्यात घेतली.

गंमत म्हणजे त्या काळात जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे उस्मानाबादलाच, रेल्वे नव्हती! २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाली तेव्हा रूळ वळवून शहरात आणले. मी तेव्हा चौथी-पाचवीत. त्यामुळे छोटी गाडी मला ठाऊक आहे ती आबांच्या तोंडून. आबा, म्हणजे माझे आजोबा, बार्शीच्या एका अडतीवर दिवाणजी होते आणि येडशीहून त्याच गाडीने ये-जा करायचे. चालत्या गाडीतून उतरायचं, ओढ्याला पाणी प्यायचं आणि पळत जाऊन पुन्हा चढायचं, असं ते सांगतात. त्यातलं खरं किती ते पांडुरंगालाच माहीत :-)

पण एक गोष्ट पक्की. ती लाईन एकपदरी होती. जाणारी आणि येणारी गाडी त्याच रुळावरून. आणि नंतरची ब्रॉडगेजही एकपदरीच टाकली गेली.

*

एकपदरी रूळ म्हटला की प्रश्न आलाच. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. हे 'असलं पाहिजे' म्हणणं सोपं, घडवून आणणं महाकठीण. सुरुवातीला लोकांनी काय केलं? तारेवर निरोप. "मी गाडी सोडू का?" "सोड." बास.

१० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प नावाच्या गावी काय झालं ते बघा. लंडनकडून आलेली एक्सप्रेस नॉर्विचला उशिरा पोचली होती. पलीकडच्या ब्रंडल स्टेशनात मेल गाडी थांबली होती. नॉर्विचच्या रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरने मेल पुढे पाठवायचा निरोप तारबाबूला सांगितला. नियम असा होता, की इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय निरोप पाठवायचा नाही. इन्स्पेक्टरच्या हिशोबी, सही नाही म्हणजे निरोप गेलेला नाही. तारबाबूने सहीशिवायच तो पाठवून दिला. इकडे इन्स्पेक्टरने एक्सप्रेसला वाट मोकळी करून दिली. मग चूक लक्षात आली, निरोप रद्द करायची तार गेली, आणि उत्तर आलं, की मेल सुटली. त्यानंतर कोणाच्याच हातात काही उरलं नाही. पावसाळी अंधारात दोन्ही गाड्या समोरासमोर धडकल्या. सुमारे २५ माणसं गेली.

आमच्या धंद्यात याला 'रेस कंडिशन' म्हणतात. दोघे आपापल्या परीने बरोबर वागतायत, दोघांनी तपासलंय, पण तपासणं आणि कृती करणं यांच्यात एक फट आहे. त्या फटीत जग बदलतं.

थॉर्पनंतर चार वर्षांनी, १८७८ साली, एडवर्ड टायर या माणसाने यंत्र काढलं. तुकड्याच्या दोन टोकांच्या स्टेशनांत एकेक पेटी, पेट्या विजेच्या तारेने जोडलेल्या, आणि पेटीत धातूच्या चकत्या. एका पेटीतून एक चकती बाहेर आली, की ती परत कुठल्यातरी पेटीत जाईपर्यंत दुसरी चकती कुठूनच निघत नाही. ड्रायव्हरच्या हातात चकती असेल तरच गाडी हलणार. आपल्याकडे याच जातीचं नील्सचं यंत्र खूप चाललं. त्यात चकतीच्या जागी लोखंडी गोळा. तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवायचा, आणि धावत्या इंजिनातून तो पकडायचा. जुन्या लोकांनी हे कडं झेलताना पाहिलं असेल.

यातली खरी अक्कल कुठे आहे बघा. आता कोणाच्या आठवणीवर, सहीवर, शहाणपणावर काही अवलंबून नाही. 'विचारणं' आणि 'मिळणं' या दोन गोष्टी एकच झाल्या. गोळा हातात आला म्हणजेच परवानगी. मधली फटच गेली.

आणखी दोन बारकावे सांगतो, कारण ते पुढे लागणार आहेत. एक, शेजारशेजारच्या तुकड्यांच्या गोळ्यांची घडण वेगवेगळी ठेवायची, म्हणजे एका तुकड्याचा गोळा दुसऱ्याच्या पेटीत शिरतच नाही. दोन, ड्रायव्हर चुकून गोळा घेऊन पुढे गेला किंवा गोळा हरवला, की तो तुकडा अडकला. मग कागदी परवाने लिहून गाड्या सोडायच्या, काम गोगलगाईच्या गतीने. 'लाईन क्लिअर' हा शब्द आपण गप्पांत किती सहज वापरतो! त्यामागे एवढं आहे.

*

आता उडी मारून हॉलंडला जाऊ. साल १९६० च्या आसपास. एका कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक कामं चालवायची खटपट सुरू होती. खरं तर प्रोसेसर एकच, पण तो थोडं हे काम, थोडं ते काम असं करत राहतो. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच माणसापुढे प्रश्न असा, की दोन कामं एकाच वेळी मेमरीतल्या एकाच जागेला हात लावायला गेली तर? त्याचा सहकारी गणिती डेकर याने दोन कामांपुरतं उत्तर काढलं. १९६५ साली डाइक्स्ट्राने कितीही कामं असली तरी चालेल असं उत्तर छापलं. तो निबंध मासिकाच्या जेमतेम एका पानाचा आहे. (आमचं एक 'डिझाईन डॉक्युमेंट' ८० पानांचं असतं, असो.)

पण ते उत्तर वापरायला किचकट. म्हणून त्याने एक सोपं साधन आणलं, आणि त्याला नाव दिलं 'सेमाफोर'. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली करणारा सिग्नल! त्यावरच्या दोन क्रियांना त्याने 'पी' आणि 'व्ही' म्हटलं. त्याच्या सुरुवातीच्या टिपणात ही अक्षरं डचमधल्या 'पुढे जाणं' आणि 'मोकळं करणं' या शब्दांवरून आली आहेत, आणि शब्द रेल्वेच्या सिग्नलांकडून घेतलेत असंही त्याने लिहिलंय. कॉलेजात आम्ही परीक्षेसाठी 'पी म्हणजे वेट, व्ही म्हणजे सिग्नल' एवढं घोकलं. रुळांचा संबंध आहे हे कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर येडशीच्या पोराला दोन मिनिटांत कळलं असतं.

सेमाफोरची अडचण तीच, जी गोळ्याची. घेतलेला परत करायला विसरलात की सगळं ठप्प. आणि घ्यायलाच विसरलात तर? रूळ काही तुम्हाला अडवत नाही. सरळ जाऊन धडकाल. म्हणून १९७३-७४ च्या सुमाराला पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होअर यांनी 'मॉनिटर' ही कल्पना मांडली. ज्या माहितीला जपायचं ती एका खोलीत ठेवा. खोलीला दार एक. आत एका वेळी एकच जण. दार उघडणं-लावणं प्रोग्रामरच्या आठवणीवर सोडू नका, भाषेनेच ते करावं.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ह्यात नवं काय हाय? अडतीवर रोजकीर्द येक, अन् लिव्हणारा बी येक. मालक जरी आला तरी मी म्हणायचो, थांबा, माझं लिव्हून हूं द्या. दोघांच्या हातात येक चोपडी दिली तर हिशोब ऱ्हातो का, लेका?"

आबा होअरच्या आधीपासून मॉनिटर होते :-)

*

वेबकडे येऊ. १९९३ च्या सुमाराला वेबसाइटवर फॉर्म वगैरे भरायची सोय आली ती 'सीजीआय' नावाने. प्रत्येक विनंतीला सर्व्हर एक नवा कोरा प्रोग्राम सुरू करायचा, तो उत्तर देऊन मरायचा. सुरक्षित, पण खर्चिक. प्रत्येक प्रवाशासाठी नवी गाडी बांधल्यासारखं. १९९७ साली सन मायक्रोसिस्टिम्समधून 'सर्व्हलेट' आलं. त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन पवनी दिवाणजी यांनी तयार केलं. (आडनाव वाचून आबा भलतेच खूष झाले.) यात प्रोग्राम एकदाच सुरू होतो आणि आत बसून राहतो. विनंती आली की एक 'थ्रेड', म्हणजे कामाचा एक धागा, तिला दिला जातो. शंभर विनंत्या, शंभर धागे, पण सर्व्हलेट एकच. सगळे धागे त्याच एका खोलीत, तीच भांडी वापरत.

जावामध्ये दार लावायचा शब्द आहे, 'सिंक्रोनाइज्ड'. मॉनिटरच्याच कल्पनेतून आलेला. पण तो लिहायचा की नाही, हे प्रोग्रामरवर सोडलंय. १९९९ साली ब्रिंच हॅन्सनने यावर चिडून एक निबंध लिहिला, की पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही जे शिकवलं ते या लोकांनी दुर्लक्षित केलं. मधे एक शॉर्टकटही आला होता, 'सिंगल थ्रेड मॉडेल' नावाचा. सर्व्हलेटच्या एका प्रतीत एका वेळी एकच धागा, झाली काळजी मिटली! पण प्रती अनेक निघायच्या आणि बाहेरची सामायिक भांडी तशीच उघडी राहायची. २००३ साली सर्व्हलेटच्या २.४ आवृत्तीत तो मोडीत काढला. खोट्या सुरक्षिततेपेक्षा नसलेली बरी, कारण निदान माणूस सावध राहतो.

*

आता माझी गोष्ट. इतके दिवस लिहायची टाळत होतो.

नोकरीचं पहिलंच वर्ष. एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. जुनाट सर्व्हलेटचा कोड, वयाने माझ्याहून थोडासाच लहान. रिकाम्या जागा भरायच्या फेरीचा भाग माझ्याकडे आला. मी लिहिलेलं साधं होतं. डेटाबेसमधून शिल्लक जागा वाच. शून्याहून जास्त असेल तर विद्यार्थ्याचं नाव लिही, एक वजा करून परत ठेव, पावती दे.

तपासलं कसं? एकट्याने, माझ्या मशीनवर, एक-एक क्लिक करून. सगळं हिरवंगार. आमच्या जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे, प्राचीन तगर, गोरोबाकाकांचं गाव. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. मी माझं मडकं थापटण्याने नाही, टिचकीने तपासलं.

चाचणीच्या फेरीत पहिला दणका बसला. ऑफिसातल्या दहा जणांनी एकदम क्लिक केलं आणि शेवटच्या एका जागेच्या दोन पावत्या निघाल्या. दोघांनी 'शिल्लक १' वाचलं, दोघांनी '०' लिहिलं. थॉर्प! पण खोटी नावं, खोटी फी, कोणाचं बिघडलं नाही. मी गुगल केलं आणि त्या फंक्शनवर 'सिंक्रोनाइज्ड' असा एक शब्द चिकटवला. पुन्हा दहा जणांनी क्लिक केलं, पावती एकच. सिनियर म्हणाला छान. मीही म्हटलं छान.

प्रत्यक्ष फेरीच्या दोन दिवस आधी गर्दी वाढेल म्हणून एकाच्या जागी दोन सर्व्हर लावले गेले. पुढे एक वाटाड्या, जो येणाऱ्या विनंत्या दोघांत वाटून देतो. मला ई-मेल आला होता. मी वाचला, आणि पुढच्या ई-मेलकडे गेलो.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझं दार एका सर्व्हरच्या आतलं होतं. दुसऱ्या सर्व्हरला स्वतःचं वेगळं दार. म्हणजे एकाच तुकड्याच्या दोन टोकांना दोन पेट्या, पण मधली तारच जोडलेली नाही. दोन्हीकडून गोळा निघतो. दोन्ही स्टेशनमास्तर मन लावून नियम पाळतायत, आणि गाड्या समोरासमोर.

सकाळी दहाला फेरी उघडली. दहा वाजून चार मिनिटांनी एका शाखेची शेवटची जागा दोघांना गेली. हे कळलं तिसऱ्या दिवशी, दोघेही कागदपत्रं घेऊन हजर झाल्यावर. एका मुलाचे वडील रात्रीच्या एसटीने आले होते. संस्थेच्या माणसाने आम्हाला फोन लावला तो स्पीकरवर होता. मागून आवाज आला, "साहेब, पावती हाय की आमच्याकडं. ही बघा ना." आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं.

संस्थेने विचारलं, आधी कोण? मी दोन्ही सर्व्हरचे लॉग काढले. एकाची नोंद दुसऱ्याहून ११ मिलिसेकंद आधीची. मी तसा ई-मेल लिहिला, अमुक क्रमांकाचा अर्ज आधीचा. जागा त्याला गेली. एसटीने आलेल्या मुलाला दुसरी शाखा घ्यावी लागली.

आणि मग काही महिन्यांनी, असंच वाचता वाचता, लेस्ली लॅम्पोर्टचा १९७८ चा निबंध हाती आला. विषय, काळ आणि घड्याळं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन वेगळ्या मशीनवर घडलेल्या दोन घटनांत एकीचा निरोप दुसरीपर्यंत पोचलेला नसेल, तर 'आधी कोण' या प्रश्नाला त्या यंत्रणेच्या आत उत्तरच नसतं. घड्याळं बघून ठरवायचं तर ती किती जुळलेली आहेत हे आधी माहीत हवं. माझे लॉग दोन वेगळ्या मशीनचे होते. त्यांची घड्याळं एकमेकांशी किती जुळत होती, हे मी तपासलंच नव्हतं. ११ मिलिसेकंदांचा फरक तर घड्याळांचाही असू शकत होता. म्हणजे मी जे 'आधी' म्हणून लिहून दिलं, ते मला माहीतच नव्हतं. नाणं उडवलं असतं तर निदान ते नाणं आहे हे सगळ्यांना कळलं असतं.

मी सिनियरला सांगितलं. तो म्हणाला, आता काय उपयोग, फेऱ्या संपल्या. खरं होतं. तरी मी एक ई-मेल लिहून संस्थेला पाठवायला दिला. तो पुढे गेला की नाही, ठाऊक नाही. पाठपुरावा मी केला नाही, हेही लिहून टाकतो.

*

बरोबर उत्तर काय होतं? लाजिरवाणं सोपं. दार तिथे लावायचं जिथे जागा खरोखर राहते, म्हणजे डेटाबेसमध्ये. 'वाच, मग ठरव, मग लिही' असं तीन पायऱ्यांत न करता डेटाबेसला एकच हुकूम द्यायचा: शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक वजा कर, आणि किती ओळी बदलल्या ते सांग. एक म्हणाला तर जागा तुझी, आणि मग त्याच व्यवहारात नाव लिही. शून्य म्हणाला तर माफ कर. विचारणं आणि मिळणं एकच. गोळा! डेटाबेसवाल्यांनी व्यवहारांचं आणि कुलपांचं हे शास्त्र १९७६ च्या सुमारालाच पक्कं केलेलं होतं, जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये.

आपल्याच रेल्वेचं आरक्षण बघा. कॉम्प्युटरच्या आधी एका गाडीचं, एका तारखेचं रजिस्टर एकाच बाबूपुढे असायचं. रजिस्टर हेच कुलूप. मग दुसऱ्या गावच्या प्रवाशाने काय करायचं? तर प्रत्येक मोठ्या स्टेशनाला जागांचा ठराविक कोटा वाटून दिलेला. आपल्या कोट्यात आपण राजे, कोणाला विचारायला नको. जागा आधीच वाटल्या की भांडणच होत नाही. तोटा असा, की एकीकडे जागा रिकाम्या आणि दुसरीकडे रांगा. १९८५ साली दिल्लीला कॉम्प्युटर आरक्षण सुरू झालं, १९९९ पर्यंत देशातली पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली, २००२ साली इंटरनेटवर तिकीट आलं. २०१४ साली नवी यंत्रणा आली तेव्हा मिनिटाला २,००० च्या जागी ७,२०० तिकिटं काढायची क्षमता सांगितली गेली. तत्काळच्या वेळी साइट लटकली की आपण सगळेच शिव्या घालतो, मीही घालतो. पण लाखो लोक एकाच बर्थवर तुटून पडत असताना ती बर्थ एकालाच देणं आणि बाकीच्यांना क्रमाने वेटिंगला लावणं, हे काय आहे ते मला आता कळतं.

साधनं बदलत राहिली. एका सर्व्हरने दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या यावर १९९९ पासून डोकेफोड सुरू होती. २००९ साली नोड आलं, ज्यात तुमचा कोड एकाच धाग्यावर चालतो आणि कोणासाठी थांबून राहत नाही. २०२३ साली जावा २१ मध्ये 'व्हर्च्युअल थ्रेड' पक्के झाले, आता लाखो धागे स्वस्तात काढता येतात. धागे कितीही स्वस्त होवोत, शेवटची जागा एकच असते. डब्यांची संख्या वाढवून एकपदरी रूळ दुपदरी होत नाही.

*

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. जेवताना आबांना म्हटलं, "आबा, गाडी अर्धा तास क्रॉसिंगला उभी होती."

"मग बरंच की," आबा म्हणाले. "हुबी ऱ्हायली म्हणून पोचलास."

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. कोड तपासायला कोणी आणून दिला, की आधी विचारतो, जपायची गोष्ट कुठे राहते, आणि दार तिथेच आहे का? आणि लॉग बघून 'आधी कोण' हे सांगायची वेळ आली, तर घड्याळ कोणाचं ते विचारतो. ज्युनियर पोरं वैतागतात. वैतागू देत. तो फोनवरचा आवाज त्यांनी ऐकलेला नाही, आणि त्यांनी तो ऐकू नये असंच मला वाटतं.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच, लाईन क्लिअर मिळाली तर.